पत्रा तोच, म्हणून धान्यही तेवढेच?

‘पत्रा आडवा वळवा की उभा, ढोलीत (धान्य साठवायच्या पत्र्याच्या गोल कोठीत) धान्य तेवढेच मावते’ हा समज पटण्याजोगा आहे, कारण पत्र्याचे क्षेत्रफळ खरोखरच बदलत नाही. मात्र धान्य मावते ते घनफळात.

८ फूट लांब व ४ फूट रुंद पत्रा घ्या. जोडावरचा दुमड तूर्त सोडून देऊ. लांब बाजू गोल वळवल्यास घेर ८ फूट, उंची ४ फूट आणि तळ सुमारे ५.०९ चौरस फूट होतो, म्हणजे घनफळ साधारण २०.४ घनफूट भरते. रुंद बाजू वळवल्यास उंची दुप्पट होते खरी, पण घेर निम्मा झाल्याने तळ चौथाईवर, १.२७ चौरस फुटांवर येतो आणि घनफळ १०.२ घनफूट, म्हणजे नेमके निम्मे उरते.

पडताळा घरीच घेता येतो. ३० × २० सेंटिमीटरचे दोन कागद दोन्ही प्रकारे वळवून चिकटवावेत, उंच नळी बुटक्या नळीत उभी करून ज्वारीने काठोकाठ भरावी आणि हळूच वर उचलून घ्यावी. ज्वारी सपाट केल्यावर बुटकी नळी दोन तृतीयांशच भरलेली दिसते.