पिन तुम्हीच टाकला ना? मोबाईलवरच्या फसवणुकीमागची गोष्ट

मोबाईलवरून पैसे जायला लागायच्या आधीही आपल्याकडे फसवणूक होतीच, फक्त तिला एटीएम कार्ड लागायचं. "आप का एटीएम बंद हो गया" असा हिंदीतून फोन, मग कार्डावरचा नंबर, मागचे तीन आकडे, मग ओटीपी, आणि खेळ खलास. झारखंडातलं जामतारा नावारूपाला आलं ते याच धंद्यानं. पण गावात कार्ड वापरणारे म्हणजे मास्तर, ग्रामसेवक, एसटीतले, पेन्शनवाले, तेवढ्याच घरांपुरता तो त्रास होता. २०१४ ला जनधनची खाती निघाली तरी बहुतेकांचं कार्ड पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्येच पडून राहिलं.

सगळं फिरलं ते २०१६ मध्ये. ऑगस्टअखेर युपीआयची ॲप प्ले स्टोअरवर आली, सप्टेंबरात फुकट फोरजीचं सिम आलं, आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. आपल्याकडे ऐन कापूस घरात यायचा टाईम, व्यापारी म्हणे जुन्या नोटा घ्या नाहीतर चेक घ्या, आणि चेक खात्यात गेला की बँक कर्जात वळता करते ही भीती प्रत्येकाला, म्हणून कित्येकांनी कापूस घरातच भरून ठेवला. वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, भीम हे सरकारी ॲपही आलं. तालुक्याच्या दुकानांत स्टिकर चिकटायला लागले, गावात मात्र हे शिकवलं कोणी, तर सिम विकणाऱ्या पोरानं नाहीतर घरच्या कॉलेजवाल्या पोरीनं. शिकवणी एका वाक्याची: पिन टाका, हिरवी टिक आली की झालं.

या शिकवणीतच पुढचा सगळा घोटाळा आहे. एटीएममध्ये पिन टाकला की नोटा बाहेर येतात, म्हणजे पैसे आपल्या हातात येतात. ज्याने पिन ही भानगड पहिल्यांदा तिथेच पाहिली त्याच्या डोक्यात काय बसणार? पिन टाकला की पैसे मिळतात. युपीआयमध्ये ते बरोबर उलटं आहे, तिथे पैसे आपले जायचे असले तर पिन लागतो, यायचे असले तर काहीच करावं लागत नाही, फोन बंद असला तरी येतात. हे नीट बसवून सांगितलं असं निदान आपल्या तालुक्यात तरी झालं नाही.

आणि याच समजुतीवर बसली 'पैसे मागायची रिक्वेस्ट'. इथे मी जरा जास्त थांबतो, कारण माझ्या मते आपल्या भागातल्या पहिल्या लाटेचं मूळ हेच आहे. युपीआयमध्ये सुरुवातीपासून दोन रस्ते होते, एक म्हणजे तुम्ही पैसे पाठवायचे, दुसरा म्हणजे समोरच्यानं मागायचे आणि तुम्ही मंजूर करायचे. दुसऱ्या रस्त्यावर कोणीही, म्हणजे हजार किलोमीटरवरचा अनोळखी माणूससुद्धा, तुमचा युपीआय आयडी माहीत असला की तुमच्या फोनवर मागणी टाकू शकत होता. मोबाईल नंबर हाच बहुतेकांचा आयडी, त्यामुळे माहीत करून घ्यायला काही लागतही नव्हतं. त्या मागणीसोबत एक छोटी चिठ्ठी लिहायची जागा असायची, तिथे तो ठग लिहायचा "पैसे जमा होत आहेत, घेण्यासाठी पिन टाका". स्क्रीनवर ही ओळ ॲपच्या नावाखाली, ॲपच्याच अक्षरात दिसायची. आता सोयाबीनचं जुनं थ्रेशर ऑनलाईन विकायला टाकलेला माणूस, त्याला फोन येतो, मी फौजी आहे, पोस्टिंगवर आहे, गाडी पाठवतो, ॲडव्हान्स आत्ताच टाकतो. आधी खरेच पाच रुपये येतात, विश्वास बसतो, मग रिक्वेस्ट येते, वर रक्कम आणि खाली ती ओळ. तो पिन टाकतो, खात्यातून रक्कम जाते, आणि समोरचा म्हणतो "गलती से कट गया, रिफंड के लिए फिर से डालो". असं दोन-तीनदा.

ही सोय बंद करा असं बरेच जण म्हणत होते. बाजू दुसरीही होती, ती खोटी नाही: विजेचं बिल, तिकीट, ऑनलाईन खरेदी, अशा ठिकाणी कंपनी मागणी पाठवायची आणि तुम्ही मंजूर करायचे, शहरातली पोरं जेवणाचं बिल वाटून घ्यायला वापरायची. पण गावाकडे उधारी मागायला माणूस घरी येतो, नाहीतर पानठेल्यावर गाठतो. मोबाईलवर मागणी टाकून उधारी वसूल करणारा माणूस मला तरी दाखवा. म्हणजे वापर शहराचा आणि भोक आपल्या खिशाला. मधल्या काळात काय केलं, तर माणसामाणसातल्या मागणीची मर्यादा २,००० वर आणली, ॲपमध्ये लाल अक्षरात इशारे टाकले, बँकांनी एसएमएस पाठवले, तेही पुष्कळदा इंग्रजीत. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाकडे मागायची ही सोय पूर्ण बंद झाली, दुकानदार-कंपन्यांची चालू राहिली. नऊ वर्षं लागली. एवढ्यात पहिलीतलं पोरगं दहावीत जाते.

या नऊ वर्षांत ज्याचे गेले त्याचं काय? सगळ्या बँकांना नियम घालून देणाऱ्या रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला सर्क्युलर काढलं. वाचलं तर ग्राहकाच्या बाजूचं वाटते: तुमची आणि बँकेचीही चूक नसेल आणि बँकेकडून कळल्यावर तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली तर नुकसान शून्य, चार ते सात कामाच्या दिवसांत केली तर जनधनसारख्या साध्या खात्याला जास्तीत जास्त ५,००० चा फटका, नेहमीच्या बचत खात्याला १०,००० चा. पण त्यातच आहे की ग्राहकानं निष्काळजीपणे आपली गुपितं दिली असतील तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आणि पिन टाकणं म्हणजे तर बँकेच्या लेखी तुम्ही स्वतः व्यवहार केला. त्यामुळे काऊंटरवरचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, "काकाजी, पिन तुम्हीच टाकला ना?" हो म्हटलं की फाईल तिथेच थंड. सर्क्युलरमधला वायदा खरा, पण आपल्याकडची ज्या प्रकारची फसवणूक आहे तिला तो बहुतेक वेळा लागूच पडत नाही. एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं, तक्रार नोंदवल्यानंतर जे जाते ते बँकेच्या अंगावर, म्हणून लाजून दोन दिवस घरात बसून राहणं सगळ्यात महाग पडते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

दुसरी लाट अंगठ्याची. यात तर पिनही नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर गावातल्या सेवा केंद्रात पैसे निघतात, आणि म्हाताऱ्या माणसांना ती सोय लागतेच, बँक पंधरा-वीस किलोमीटरवर आणि एसटी दिवसातून दोनदा. २०२२-२३ च्या सुमारास दुसऱ्या राज्यांत जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे केल्याच्या केसेस निघाल्या. आपल्याकडे जास्त चालते ती साधी हातचलाखी: "आजी, अंगठा नाही लागला, पुन्हा लाव". पहिल्यांदा लागलेलाच असतो, त्यावर पैसे निघालेले असतात, आणि दुसऱ्यांदाचे आजीच्या हातात. मेसेज ज्या नंबरवर जातो तो नंबर पोराचा, पोरगा पुण्यात कंपनीत. म्हणून दर अंगठ्याला पावती मागायची, "फेल" झालं तरी मागायची, आणि निघायच्या आधी शिल्लक बघायची. आधारच्या ॲपमध्ये अंगठा लॉक करता येते, चांगली सोय आहे, फक्त मग रेशन दुकानात मशीन अंगठा घेत नाही, आधी तात्पुरतं अनलॉक करावं लागते, हे कोणी सांगत नाही आणि मग रांगेत भांडण.

सध्याची लाट एपीके (.apk) फाईलची, म्हणजे व्हॉट्सॲपवर फाईल म्हणून येणाऱ्या ॲपची, आणि हिच्यात फोनवर गोड बोलणारा फौजीही लागत नाही. २,००० च्या किसान हप्त्याचं नाव, लाडक्या बहिणीच्या केवायसीचं नाव, गाडीचं चलान, लग्नसराईत तर चक्क लग्नपत्रिका. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असलं तर ते ॲप आहे, टाकलं की एसएमएस वाचायची परवानगी मागते, हो म्हटलं की ओटीपी तिकडे वाचले जातात. वर तुमच्याच व्हॉट्सॲपवरून गावच्या सगळ्या ग्रुपवर तीच फाईल जाते, म्हणून ती मामाच्या नंबरवरून आली तरी उघडायची नाही. उघडलीच असली तर फोनचा डेटा लगेच बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगा.

दुकानदारांचा प्रकार वेगळा, तिथे पैसे आलेच नाहीत आणि हिरवी टिक दाखवून माणूस गेला. बकऱ्याच्या बाजारात गर्दीत कोण बघते. पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा आला तेव्हापासून पानठेल्यावर हे कमी झालं, डबा बोलला नाही तर माल द्यायचा नाही एवढं पोरालाही कळते. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवायच्या आधी बँकेत असलेलं खरं नाव दाखवायचं असा नियम झाला. कोणी दुकानाच्या क्यूआरवर आपला क्यूआर चिकटवला असला तर तिथेच कळते, नाव वाचलं तर.

पैसे गेलेच तर १९३० या सरकारी सायबर हेल्पलाईनच्या नंबरला फोन. हा नंबर २०२१ ला १५५२६० म्हणून सुरू झाला, पुढच्या वर्षी १९३० केला, जुन्या भिंतींवर अजून जुनाच दिसतो. फोन लावायच्या आधी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव कागदावर लिहून घ्या, कारण ते विचारतात तेच. तिकडून पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवायचा निरोप जातो, पण ठग तासाभरात चार खात्यांतून फिरवतात, म्हणून पहिला तास मोलाचा. आणि ती चार खाती कोणाची असतात? पुष्कळदा आपल्यासारख्याच गावातल्या पोरांची, पाच-दहा हजारात पासबुक, कार्ड आणि सिम भाड्यानं दिलेली. त्या पोराला वाटते आपण काही केलंच नाही, खातं तर नुसतं दिलं, आणि एक दिवस दुसऱ्या राज्यातले पोलीस पत्ता विचारत फाट्यावर उतरतात.