औद्योगिक कुक्कुटपालनाचे पर्यावरणीय परिणाम (सांगली जिल्हा)

थोड्या जागेत हजारो कोंबड्या दाटीने ठेवून, विकतचे खाद्य घालून, वर्षभर अंडी किंवा मांसाचे उत्पादन घेण्याच्या पद्धतीला औद्योगिक कुक्कुटपालन म्हणतात. सांगली जिल्ह्यात ‘पोल्ट्री’ म्हटले की हेच डोळ्यांपुढे येते. पर्जन्यछायेतल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः विट्याच्या आसपास, अंड्यांवरच्या म्हणजे लेअर कोंबड्यांचे फार्म आहेत. पावसाच्या भरवशावर शेती होत नाही अशा माळावर या धंद्याने अनेक घरांची चूल पेटती ठेवली, हे आधी नोंदवले पाहिजे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी परसातले फक्त ३१ कोटी ७० लाखांच्या घरात होते.

परसातली कोंबडी किडे आणि सांडलेले दाणे टिपते, तिची विष्ठा अंगणात, उकिरड्यावर, शेतात विखुरते आणि मातीत जिरून जाते. शेडमधल्या कोंबडीचा मका आणि सोयापेंड येते दुसऱ्या शिवारांतून, विष्ठा मात्र साठते एकाच जागी. पर्यावरणाच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या तुटलेल्या साखळीत आहे. लेअर कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी पिते आणि जवळपास १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. २५,००० पक्ष्यांच्या फार्मचा हिशेब मांडला तर रोजचे पावणेतीन टन खाद्य, साडेपाच हजार लिटर पाणी आणि अडीच टन विष्ठा होते. उन्हाळ्यात शेड गार ठेवायला लागणारे पाणी वेगळेच. ज्या तालुक्याने कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिथे हा आकडा लहान नाही.

ताज्या विष्ठेत सुमारे पाऊण भाग पाणी असते. तिच्यातल्या यूरिक आम्लाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. पिंजऱ्यांखालचा ढीग कोरडा राहिला तर हे काम मंद चालते. पण कोंबड्यांना पाणी पाजणाऱ्या नळीचे एखादे निपल (तोटी) गळके असले की त्याखालचा भाग सुकतच नाही. वरून राखाडी पापुद्रा दिसतो, फावडे मारले की आत काळा चिखल, वळवळणाऱ्या अळ्या आणि डोळ्यांत झोंबणारा भपका. उष्ण हवेत घरमाशीचे अंड्यापासून माशीपर्यंतचे चक्र आठ-दहा दिवसांत पुरे होते, त्यामुळे एक दुर्लक्षित ढीगही आसपासच्या वस्तीला पुरेसा ठरतो. पोल्ट्रीविरुद्धच्या तक्रारी बहुधा वासापेक्षा माशांवरून सुरू होतात आणि त्या रास्त असतात: ताटावर हात फिरवत जेवावे लागणे हा किरकोळ त्रास नव्हे.

पाण्यावरचा परिणाम मात्र लवकर दिसत नाही. हा सगळा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि भूजल खडकाच्या भेगांमधून वाहते. उघड्यावरच्या ढिगातून वळवाच्या पावसात निथळलेले पाणी विहिरीत नायट्रेट आणू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. ओढ्यांवाटे येरळा नदीत आणि पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेत उतरणारे नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) शेवाळ माजवतात आणि पाण्यातला प्राणवायू कमी करतात. उसाच्या रानातून वाहणारी खतेही याच नद्यांत येतात, त्यामुळे सगळा दोष पोल्ट्रीच्या माथी मारणे चूक ठरेल.

हीच विष्ठा नीट वापरली तर सोने आहे. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, वाळलेल्या कोंबडीखतात दोन-तीन टक्के. तासगाव भागातल्या द्राक्षबागांना ते हवे असते. पण ट्रॉली आली तशी बोदालगत, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यालगत, ओतली तर ताजे खत मुळ्या पोळते आणि जमिनीत क्षार वाढवते. पाचट मिसळून, ओल राखून, चाळवून नीट कुजवलेले खत यातला बराच धोका टाळते.

दाटीमुळे रोग झपाट्याने पसरतो, म्हणून औषधांचा वापरही वाढतो. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू विष्ठेतून माती-पाण्यात जातात. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिन या औषधावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये पशुखाद्य व पशुपालनात बंदी घातली. मरतूक, म्हणजे मेलेल्या कोंबड्या, ओढ्यात फेकण्याची सवय तर सर्वांत घातक. कुत्री आणि कावळे ती गावभर नेतात. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा रोगाची किंमत साऱ्या पोल्ट्री व्यवसायाने मोजली. चुना टाकून खोल खड्ड्यात पुरणे हा किमान उपाय आहे. खड्डा मात्र विहिरीपासून लांब हवा.

हवामानबदलातला कोंबडीचा वाटा गाई-म्हशींच्या मानाने थोडा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये पशुधनाचा वाटा मानवी हरितगृह वायूंच्या १४.५ टक्के धरला. त्यातला बहुतांश गुरांचा, कोंबड्यांचा सुमारे आठ टक्के. कोंबड्यांच्या बाबतीत निम्म्याहून अधिक भार खाद्य पिकवण्याचा व तयार करण्याचा असतो.

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या, करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची, तर शेड, वीज, पाणी आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. बॅच निघाली की पक्षी कंपनीच्या गाडीत चढतात. तूसमिश्रित विष्ठा आणि मरतूक शेतकऱ्याच्या दारात राहते. विल्हेवाटीचा खर्च करारात धरलेला नसेल, तर सगळा भार एका कुटुंबावर पडतो. ही वाटणी अन्यायाची आहे.

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२० मधील आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नियम कडक केले. २५,००० हून अधिक पक्ष्यांच्या फार्मला आता राज्य मंडळाची संमती लागते. नवा फार्म वस्तीपासून ५०० मीटर आणि नदी, तलाव, कालव्यापासून १०० मीटर दूर असावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. पण मोजणी फार्मनिहाय होते. एकाच ओढ्याच्या काठी चार-चार हजार पक्ष्यांची दहा शेड वेगवेगळ्या सातबाऱ्यांवर उभी राहिली, तर एकूण चाळीस हजार पक्षी असूनही एकालाही संमती लागत नाही. म्हणून परवानगी देताना ग्रामपंचायतीने शिवारातली एकूण पक्षीसंख्या आणि खत जिरवायला उपलब्ध असलेली जमीन, दोन्ही पाहायला हवीत.