फी भरायला निघण्याआधी : शिष्यवृत्ती आणि कॉलेजच्या खर्चाविषयी आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

बार्शीत एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं आमचं छोटं दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की काउंटरसमोर रांग लागते आणि त्या रांगेत दिवसभर एकच प्रश्न येतो, "आमच्या पोराला कुठली स्कॉलरशिप बसती का बघा." मागे दहा माणसं उभी असताना याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं. घरी नेऊन निवांत वाचा, शक्यतो निकालाच्या आधी.

निकालाच्या आधी म्हणण्याला कारण आहे. योजनाच नव्हती म्हणून पैसे गेले, अशी घरं आम्ही फार थोडी पाहिली. बहुतेकांचे पैसे अडकतात एखाद्या कागदापायी, नाहीतर प्रवेश कोणत्या वाटेने घेतला त्यापायी. फॉर्म भरायला तुम्ही आमच्यासमोर बसता तेव्हा या दोन्ही गोष्टी ठरून गेलेल्या असतात.

एप्रिलमध्ये करायचं काम

जवळजवळ प्रत्येक योजनेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत मोठ्या हौसेने काढलेला दाखला जूनमध्ये कामाचा राहत नाही, हे दर वर्षी कुणाला तरी सांगावं लागतं आणि सांगताना आम्हालाच वाईट वाटतं. दाखला १ एप्रिलनंतर काढा, पण एप्रिल-मेमध्येच काढा. लोकसेवा हक्क कायद्याखाली तो १५ दिवसांत मिळायला हवा. मात्र जूनमध्ये सगळा तालुका एकदम सेतूवर येतो, आणि त्यात तलाठ्यांचा अहवाल राहिला असेल तर कॅपची, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या केंद्रीभूत प्रक्रियेची, तारीख कुणासाठी थांबत नाही.

ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग), विमुक्त जाती-भटक्या जमाती या प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, वेगळं लागतं. उत्पन्नाचा दाखला आहे म्हणजे नॉन-क्रिमीलेअर झालं, असा समज पुष्कळांचा असतो. हे दोन स्वतंत्र कागद आहेत, दोन्ही काढा. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्राचे राज्याचा आणि केंद्राचा असे दोन नमुने आहेत. मुलगा जेईईतून एनआयटीकडे बघत असेल तर केंद्राचा नमुनाही घेऊन ठेवा.

जात वैधता प्रमाणपत्राचं काम सगळ्यात लांबतं. मुलगा अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, गाव नमुना १४ चा (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचा) उतारा, वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या घरात आधी कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत, ही जुळवाजुळव आठ दिवसांत होत नसते.

पैसे कोणत्या खात्यात येणार?

हे जरा सविस्तर लिहितो. दुकानात सर्वात जास्त डोळ्यांत पाणी याच ठिकाणी येतं.

महाडीबीटीवरची, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची, रक्कम येते ती आधारशी जोडलेल्या खात्यात. फॉर्मवर तुम्ही कोणता खाते क्रमांक सांगता याला तिथे फारसं महत्त्व नाही. बँकेत केवायसीला आधार दिलेलं असणं आणि अनुदानासाठी आधार त्या खात्याशी जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारची जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते, आणि सर्वात शेवटी जी केली ती धरली जाते. बऱ्याच मुलांचं आधार पाचवी-सहावीत शाळेने उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्याशी जोडलेलं असतं. ते खातं वर्षानुवर्षं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं असतं आणि पासबुक कुठे आहे ते आईलाही आठवत नाही.

आमच्याच हातून एकदा हे पाहायचं राहिलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा फॉर्म आम्ही भरला, कागद बरोबर होते, कॉलेजकडून आणि विभागाकडून मंजुरी झाली, आणि पैसे अशाच मेलेल्या खात्याकडे जाऊन परत फिरले. नवीन जोडणी करून रक्कम मिळेपर्यंत दुसरं वर्ष अर्धं सरलं होतं. तिच्या वडिलांनी मधल्या काळात सोसायटीकडून उचल घेतली होती. ही चूक आमची होती. तेव्हापासून आधारच्या संकेतस्थळावर खात्याची जोडणी पाहिल्याशिवाय आम्ही फॉर्मला हात लावत नाही. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर दोन मिनिटांत कळतं. मोबाइल बदलला असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो अद्ययावत करून या.

नावाचंही पाहा. बारावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवर नाव एकसारखं हवं. एका कागदावर 'बाळासाहेब' आणि दुसऱ्यावर 'बाळू' असेल तर फॉर्म परत येऊ शकतो. आईचं लग्नाआधीचं आडनाव एखाद्या कागदावर राहिलेलं असणं, हाही नेहमीचा प्रकार.

प्रवेश कॅपमधून की थेट?

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, एमबीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना फीची सवलत हवी असेल तर प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. "आत्ता सीट पक्की करा, स्कॉलरशिपचं नंतर बघू," असं कुणी म्हणालं तर तिथे पैसे भरू नका. ते नंतर बघता येत नाही.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या गटातल्या मुलाला शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत मिळते. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मोठा आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, विनाअनुदानित खासगी कॉलेजातसुद्धा. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. कॉलेजच्या नावापुढे 'विद्यापीठ' दिसलं की प्रवेशाआधी एकदा आमच्याशी किंवा माहितगार माणसाशी बोला. "पोरीला बारावीनंतर पुढं कशाला," असं अजूनही कुणी म्हणत असेल तर त्यांना हा निर्णय वाचून दाखवा.

अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपसाठी, म्हणजे फीमाफीसाठी, अर्ज करता येतो. उत्पन्न जास्त म्हणून सगळंच गेलं, असं समजू नका.

एक गोष्ट मात्र बरेच जण सोडून देतात, ती म्हणजे टीएफडब्ल्यूएस, शिक्षण शुल्क माफीची योजना. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या तांत्रिक संस्थांत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात, जिथे शिक्षण शुल्क माफ असतं. जात कोणतीही चालते, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण ती जागा आपोआप मिळत नाही. कॅपमध्ये पसंतीक्रम भरताना तिचा कोड वेगळा टाकावा लागतो, शेवटी इंग्रजी 'टी' अक्षर असलेला. या जागांची गुणवत्ता यादी नेहमीच्या जागेपेक्षा वर लागते. म्हणून आमचा सल्ला असा की एकाच कॉलेजचा एकाच शाखेचा 'टी' असलेला कोड वर लिहा आणि साधा कोड त्याच्या खाली. उलटं लिहिलं तर साधी जागा मिळून तुम्ही तिथेच थांबाल. आणि या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हेही मुलाला आधी सांगा.

फी माफ झाली, पण राहायचं कुठे?

बार्शीहून पुण्याला गेलेल्या मुलाचा खर्च फीवर थांबत नाही. खोली, मेस, येण्या-जाण्याचं भाडं, लॅपटॉप. फी निम्मी माफ झाली म्हणून आनंदात पुण्याचं कॉलेज घेतलं आणि खोलीच्या डिपॉझिटलाच दम निघाला, असं होतं. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी कागदावर दोन बेरजा करा. एक सोलापूर किंवा धाराशिवच्या कॉलेजची, एक पुण्याची. दोन्हींत चार वर्षांचं राहणं-खाणं धरा. कॉलेजनिहाय मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं दाखवलेलं असतं. निम्म्याची सवलत शिक्षण शुल्कावर आहे, एकूण फीवर नाही. आकडा काढताना हाच फरक निसटतो.

सरकारी वसतिगृहासाठी अर्ज कराच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबई-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्या तालुक्यात अल्पभूधारक घरं कितीतरी आहेत, पण तो दाखला काढून ठेवणारे मोजके.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करते आहे. अर्ज वेळेत करावा लागतो आणि मुलाखत होते. 'कमवा आणि शिका' आजही बऱ्याच कॉलेजांत चालू आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती वाट घालून दिली, आणि आपल्या बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांनी गरिबाच्या पोराला शिकवायचं तेच व्रत घेतलं. लायब्ररीत पुस्तकं लावून किंवा बागेत काम करून मेसचा खर्च निघत असेल तर मुलाने लाजू नये, आणि आई-वडिलांनी तर मुळीच नाही.

केंद्राच्या दोन योजना

या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात, महाडीबीटीवर शोधून सापडणार नाहीत. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला १२ हजार देते, पदव्युत्तरला २० हजार. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीची प्रतिपूर्ती घेत असाल तर ही घेता येत नाही. आधी बेरीज करून जास्त पदरात पडेल ती निवडा. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी एआयसीटीईची 'प्रगती' आहे, वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

कर्ज घ्यावंच लागलं तर

सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवायला जाण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाचं विचारा. पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे, पण तिला दर वर्षी विद्यार्थ्यांच्या संख्येची मर्यादा आहे. आधी आपलं कॉलेज यादीत आहे का ते पाहा. शिकत असताना व्याज चढत राहतं, हे मुलासमोर बसून बोला. महिन्याला थोडं व्याज भरत गेलात तर नोकरी लागेपर्यंत ओझं बरंच हलकं होतं.

फॉर्म भरल्यावर

फॉर्म भरला म्हणजे काम झालं, असं नसतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथल्या क्लार्कने पुढे पाठवला तरच विभागाकडे पोचतो. प्रिंट आणि कागद कॉलेजात नेऊन द्या आणि पोच घ्या. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघा. 'सेंड बॅक' दिसलं तर कारण वाचून मुदतीत दुरुस्त करून परत पाठवावा लागतो. दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. सरकारी पोर्टलवर अर्जाला फी नाही. आम्ही घेतो ते टायपिंग, स्कॅनिंग आणि बसण्याचे पैसे. मोबाइलवरून तुम्ही स्वतः भरू शकत असाल तर खुशाल भरा, अडलं तर विचारायला या. "एवढे द्या, मंजूर करून आणतो," असं म्हणणारा फसवतोय. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो कधीही देऊ नका, आमचं नाव सांगितलं तरी.

येताना विद्यार्थ्याला सोबत आणा, कारण ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जात, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, शिधापत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती लागेल. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही. स्कॅन झाल्यावर मूळ कागद मोजून परत घ्या, दुकानात ठेवून जाऊ नका. लॉगिन आणि पासवर्ड आम्ही वहीत लिहून देतो. ती वही घरात जिथे सात-बारा ठेवता तिथे ठेवा, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला लागेल.