एपिक्युरस म्हणजे ‘खा प्या मजा करा’? नाही हो

आमच्या जळगावकडे भरीत पार्टीत कुणीतरी हमखास म्हणतं, चार्वाक आणि तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस, दोघांनी हेच सांगितलंय, खा प्या मजा करा. एपिक्युरसबद्दल हे साफ चुकीचंय. इ.स.पू. ३४१ ते २७० मधला हा माणूस, पत्रात स्पष्ट लिहितो की भुकेल्याला भाकरी-पाणीच सगळ्यात मोठं सुख देतं, म्हणजे आपली कळण्याची भाकरी, ठेचा, वर तांब्याभर पाणी, पोट शांत मन शांत, बस. मेजवानीसाठी मित्राकडे मागितलं काय, तर चीजचं एक मडकं! अन् चार्वाकाचं ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ (कर्ज काढा पण तूप प्या) ज्या सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथामुळे गाजलं तो १४व्या शतकातला, तोही चार्वाकांच्या विरोधातल्या वेदान्ती माणसाने लिहिलेला, चार्वाकांची मूळ सूत्रं तर पूर्ण हाती नाहीतच.