विज्ञानपटांवरील खेळणी

विज्ञान-काल्पनिक चित्रपटांतील पात्रे, अंतराळयाने, यंत्रमानव आणि महाकाय प्राणी यांच्या प्रतिकृती, तसेच त्यांची चित्रे वा नावे वापरून काढलेले कपडे, भित्तिचित्रे, जेवणाचे डबे इत्यादी विक्रीच्या वस्तू. चित्रपटाचे हक्क असलेली संस्था उत्पादकाला परवाना देते आणि विक्रीवर स्वामित्वशुल्क घेते. चित्रपटांच्या इतर प्रकारांपेक्षा विज्ञानपटांना हा व्यवसाय अधिक मानवला. त्यांतली याने आणि यंत्रे पडद्याबाहेर कुठेच नसतात. ती हातात घ्यायची तर खेळणे हाच मार्ग.

‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) या चित्रपटातील रॉबी या यंत्रमानवाच्या पत्र्याच्या प्रतिकृती जपानी कारखान्यांनी काढल्या, त्यांतल्या अनेक विनापरवाना. जपानमध्येच साठच्या दशकात गॉडझिला या महाकाय प्राण्याची आणि त्याच्या भाईबंदांची मऊ व्हिनाइलची खेळणी लोकप्रिय झाली. तरीही ही सारी विक्री चित्रपटाच्या जाहिरातीची पुरवणीच मानली जाई.

हे चित्र ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) पालटले. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओबरोबरच्या करारात वस्तुविक्रीचे हक्क आपल्याकडे राखले होते. स्टुडिओला तेव्हा त्यांचे फारसे मोल वाटले नाही. मेगो या खेळण्यांच्या आघाडीच्या कंपनीने परवाना नाकारला आणि तो सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे गेला. चित्रपट इतका चालेल याचा अंदाज नसल्याने १९७७च्या नाताळात केनरकडे बाहुल्या तयारच नव्हत्या. म्हणून कंपनीने पुठ्ठ्याचे पाकीट विकले. त्यातले प्रमाणपत्र टपालाने पाठवले की पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू या चार बाहुल्या घरपोच मिळत. मुलांनी अक्षरशः वचन विकत घेतले.

केनरचा खरा दूरगामी निर्णय मात्र आकाराचा होता. त्या काळी अशा बाहुल्या साधारणपणे ८ ते १२ इंचांच्या असत. त्या मापाच्या बाहुल्या आत बसतील असे यान बनवले असते, तर ते घरात मावले नसते आणि परवडलेही नसते. केनरने मुख्य पात्रांसाठी पावणेचार इंचांचे माप धरले. बाहुल्या स्वस्त झाल्या, यानात बसू लागल्या आणि एकीबरोबर दुसरी हवीशी वाटू लागली. घरी चित्रपट पाहण्याची सोय तेव्हा बहुतेकांकडे नव्हती. दोन भागांमधली तीन वर्षे मुलांनी ही कथा खेळण्यांतूनच जगवली आणि स्वतःची भरही घातली. या खेळण्यांचे महत्त्व व्यापारी आकड्यांहून इथे अधिक आहे. आकडेही लहान नाहीत: १९८५पर्यंत २५ कोटींहून अधिक नग विकले गेले.

प्रत्येक प्रयोग जमला असे नाही. प्रौढांसाठीच्या ‘एलियन’ (१९७९) या भयपटाची सुमारे दीड फुटी बाहुली केनरने मुलांच्या बाजारात आणली. पालकांच्या तक्रारी आल्या आणि ती फार काळ टिकली नाही. सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर होता. दुसऱ्या एका अंतराळमालिकेच्या खेळण्यातले छोटे क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला. केनर तेव्हा ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेट या पात्राची पाठीवरून रॉकेट उडवणारी बाहुली आणणार होती; अखेर रॉकेट पक्के बसवूनच ती दिली गेली. उडत्या रॉकेटचे मोजके नमुने मागे उरले. त्यांतल्या एकाला २०२४ साली लिलावात ५ लाख २५ हजार डॉलर मिळाले.

१९९१मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने केनरची मालक कंपनी टोंका विकत घेतली आणि १९९५पासून ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या पुन्हा दुकानांत आल्या. १९९९मध्ये जोडायच्या ठोकळ्यांची कंपनी लेगो हिनेही ‘स्टार वॉर्स’चे संच काढले, २०१७च्या मिलेनियम फाल्कन या यानाच्या संचात ७,५४१ तुकडे आहेत. असे संच उघडच प्रौढांसाठी असतात. संग्राहकांच्या बाजारात उघडलेल्या खोक्यापेक्षा न उघडलेल्या खोक्याला अधिक भाव येतो, म्हणजे ज्याच्याशी कोणी खेळलेच नाही ते खेळणे अधिक महाग ठरते. हा निकष गुंतवणुकीला सोयीचा असला, तरी खेळण्याची योग्यता त्यावरून ठरवणे चुकीचे आहे. अमेरिकेतील नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम या खेळण्यांच्या गौरवदालनाने २०१२ साली ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्यांची निवड केली.