लिफ्टचं दार आणि सव्वाआठची वेळ

नौपाड्यात आमच्या इमारतीत एका पंधरा वर्षांच्या मुलीचे वडील अचानक गेले. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी ती खाली बॅडमिंटन खेळताना दिसली आणि जिन्यात कुजबुज सुरू झाली, "हिला काही वाटतंय की नाही?" हीच मुलगी रात्री सव्वाआठला लिफ्टचं दार वाजलं की हातातला घास तसाच धरून दाराकडे बघते. बाबा कामावरून त्याच वेळेला यायचे, लॅचमध्ये किल्ली फिरायची.

ती कुजबुज मला फार लागली, म्हणून हे लिहितोय.

ती दाराकडे का बघते हे समजायला आधी उंदरांकडे जाऊ. नॉर्वेतले मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना मेंदूतल्या जागेच्या नकाशावरच्या कामासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या गटाने हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागाला लागून असलेल्या एंटोरायनल कॉर्टेक्समधल्या काही विलक्षण पेशींची नोंद केली. पेटीत एक वस्तू ठेवली की उंदीर तिच्यापाशी जाताच ठरावीक पेशी जाग्या होतात. वस्तू काढून घेतली, की त्या मोकळ्या जागेवर आलेल्या उंदराच्या मेंदूत दुसऱ्याच पेशी जाग्या होतात. जणू 'इथे काहीतरी होतं' एवढंच सांगणं हे त्यांचं काम. वस्तू हलवून कित्येक दिवस झाले तरी त्या ते सांगत राहतात.

शोकाचा मेंदूच्या अंगाने अभ्यास करणाऱ्या मेरी-फ्रान्सिस ओकॉनर यांनी हा धागा माणसापर्यंत आणला. उंदरावरून माणसावर थेट उडी मारू नये, पण तर्क मला पटतो. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. 'बाबा गेले' ही माहिती एकदाच कळलेली, आणि त्या एका माहितीसमोर किल्ली वाजलेल्या हजारो संध्याकाळी. आता रोज सव्वाआठला अंदाज चुकतो आणि प्रत्येक चुकीगणिक पेशींमधल्या जोडण्या किंचित बदलतात. ती दाराकडे बघते तेव्हा बाबा आता येणार नाहीत, हे तिचा मेंदू शिकत असतो.

मग बॅडमिंटन? मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करतो. किशोरवयात भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो, त्यामुळे ही ये-जा बघणाऱ्याला फारच अचानक वाटते. 'शोकाचे पाच टप्पे' सगळ्यांना पाठ असतात. पण मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे.

दहाव्याला कावळा लवकर शिवेना, तेव्हा कुणीतरी या पोरीलाच विचारलं, "बाबांशी भांडली होतीस का गं?" गर्दीला बुजलेला नाहीतर पोट भरलेला कावळा येत नाही, एवढीच ती गोष्ट. या वयातली मुलं आधीच स्वतःला दोष देत असतात, त्यात ही भर घालणं क्रूरपणाचं आहे.

परवा तिच्या आईने विचारलं, "भाऊजी, दाराकडे बघू नकोस म्हणून सांगू का तिला?" म्हटलं, "नको वहिनी. शेजारी बसा, आणि तिने विषय काढला तर बाबांबद्दल बोला." झोप, जेवण, शाळा महिनोन् महिने रुळावर येईना किंवा 'जगावंसं वाटत नाही' असं काही तिच्या तोंडून आलं, तर मात्र थांबायचं नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्यांच्या फ्रिजवर तो लिहून आलोय.