मुलाचा कान ठणकतोय? ड्रॉप मागण्याआधी कानामागे पाहा

सर्दीची साथ आली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हमखास कोणीतरी म्हणतं, ‘बाळाचा कान दुखतोय, एखादा ड्रॉप द्या.’ बहुतेक वेळा दुखणं साधं असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. तरी आम्ही आधी विचारतो: कानामागे हात लावून पाहिलात का?

मधल्या कानातला संसर्ग मागच्या हाडात शिरला की तिथे लाली आणि सूज येते, बोट लागलं तरी मूल कळवळतं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो. हा मॅस्टॉइडायटिस. दोन वर्षांखालच्या मुलांना जास्त होतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ड्रॉपवर भिस्त ठेवू नका: कानाचा पडदा शाबूत असेल तर ड्रॉप आत पोहोचतच नाही. फाटला असेल तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानाला इजा करू शकतं. आजी सांगते ते कोमट तेलही नको.

रुग्णालयात मुलाला दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक देतात, गरज वाटल्यास सीटी स्कॅन काढतात. पडद्याला बारीक छेद देऊन पू काढतात, कधी तिथे ग्रोमेट नावाची छोटी नळी बसवतात. पू तपासला की नेमकं औषध ठरवता येतं. बऱ्याच मुलांना एवढं पुरतं. कानामागे गळू झालं असेल, किंवा 24 ते 48 तासांत उतार पडला नाही, तर हाडातला सडलेला भाग साफ करायची शस्त्रक्रिया करतात. पालक इथे कचरतात, ते स्वाभाविक आहे. पण कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा फक्त पातळ पापुद्रा असतो. तो ओलांडला की मेंदूज्वर, मेंदूत गळू किंवा मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि मग न्यूरोसर्जनही लागतो.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, तोल जाणं, उलट्या, मान आखडणं, झापड: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

ताप उतरला म्हणून डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिकची बाटली मध्येच बंद करू नका. वरून मूल बरं दिसतं, आत संसर्ग धुमसत राहतो. मागच्या वेळची उरलेली बाटलीही पुन्हा वापरू नका. पाणी मिसळलेलं औषध थोडेच दिवस टिकतं. कानाच्या अशा संसर्गामागे असणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते. कार्ड घेऊन या, राहिलेला डोस आम्ही पाहून सांगू. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय देणार नाही.